गड्ड्यातला खांब

संक्रांत जवळ आली की सोलापुरात 'गड्ड्याला जायचं का?' असं कुणी विचारत नाही. 'कधी जायचं?' एवढंच विचारतात. गड्डा म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा. १२ जानेवारीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, १३ ला संमती कट्ट्याजवळ देवाच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, १४ ला होमप्रदीपन, १५ ला शोभेचं दारूकाम. हे झालं देवाचं वेळापत्रक. आमचं आत्या ठरवते, आणि यंदा तिनं १४ तारीख काढली. "अक्षतेला फार गर्दी असते रे." चौदाला ती गर्दी कुठल्या गावी जाते, हे तिनं सांगितलं नाही.

यात्रेला निघालेल्या प्रत्येक घरात एक खांब असतो. बाकीचे फिरतात, तो उभा राहतो. आमच्यात हे पद माझ्याकडे आहे. निवडणूक झाल्याचं मात्र आठवत नाही.

सुरुवात देवळापासूनच झाली. तळ्याच्या कडेनं रांग लांबलचक, तेव्हा 'एकानं चपला बघायला नको का?' असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दर्शन घेऊन आल्यावर आत्यानं कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, "तुझ्या नावानंबी हात जोडले की." म्हणजे देवाकडेही माझी हजेरी परस्परच लागली.

मग होम मैदान. आकाशपाळणे, मौत का कुआँ, भज्यांच्या कढया, पिपाण्या, आणि प्रत्येक दुकानाच्या भोंग्यातून आपापली आरोळी. मुलं पाळण्याकडे ओढत होती, बायको बरण्यांकडे आणि आत्या तव्यांकडे. आत्याची तवाखरेदी बघण्यासारखी असते. बिडाचा तवा ती आधी उजेडात धरते, मग बोटाच्या पेरानं वाजवते, कान लावून ऐकते, आणि दुकानदाराला तुच्छतेनं सांगते, "आवाज फुटका येतोय." तोही पक्का. "मावशी, भाकरी करायची का भजन?" यावर अख्खं दुकान हसलं, पण भाव उतरला. तवा पिशवीत पडला आणि पिशवी माझ्या खांद्यावर. पाठोपाठ लोणच्याची चिनी मातीची बरणी, लाटणं, लाह्या-बत्तासे, धाकट्याचा हेलिकॉप्टरचा फुगा आणि थोरलीनं काढून दिलेला स्वेटर.

पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच, जड काठ्या, पेलत शहरातून चालतात, तेव्हा लोक वाट करून देतात, हात जोडतात, 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र'चा गजर करतात. त्यांचा आधी सरावही चाललेला असतो. माझ्या अंगावरही वजन काही कमी नव्हतं, पण वाट करून देणं लांबच, एका बाईनं माझ्या हातातल्या बरणीची किंमत विचारली. मी सांगितली. "महाग लावताय ओ," म्हणून ती पुढे गेली.

"अहो, तुम्ही इथंच थांबा, मोठ्या पाळण्याजवळ. हलू नका," असं सांगून मंडळी गेली. आता गड्ड्यात 'मोठ्या पाळण्याजवळ' हा पत्ता म्हणजे सोलापुरात 'चादरीच्या दुकानाजवळ' म्हणण्यासारखा. फोन लावावा तर मैदानात सगळेच एकमेकांना 'कुठाय?' विचारत असल्यामुळे कुणाचाच लागत नव्हता. पण मी हललो नाही. फुग्याचं हेलिकॉप्टर हळूहळू सुरकुतत खाली आलं, शेजारच्या भजीवाल्यानं मला स्टूल दिलं, नंतर गिऱ्हाईक वाढल्यावर ते परत घेतलं, तरी हललो नाही.

आणि भोंग्यातून आवाज आला. "सोलापूरचे बाळू, अंगात चौकड्यांचा शर्ट, डोक्याला टक्कल, हातात बरणी, हरवले आहेत. त्यांची आत्या मंडपात वाट बघत आहे." मग हेच कानडीत. मग तेलुगूत. तिन्ही भाषांत टक्कल समजलं असावं, कारण भजीवाला झारा हातात घेऊन माझ्याकडे रोखून बघत होता. "जा की ओ," तो मायेनं म्हणाला, "रडत असतील."

मंडपात माइकवाल्यानं विचारलं, "पोरगं कुठाय?"

"मीच."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि सवयीनं बिस्किटाचा पुडा पुढे केला. शेजारी खरंखुरं हरवलेलं एक पोरगं बसलं होतं. ते मला जागा करून देण्यासाठी सरकलं.

आत्या गरजली, "एका जागी थांब म्हटलं तर थांबता येत नाही! केवढा जीव घाबरला माझा!" मी जिथं होतो तिथंच होतो, हे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण तेवढ्यात तिनं बरणी उलटीसुलटी करून तडा गेलाय का ते बघायला घेतलं होतं. मुलांनी पुड्यातली बिस्किटं संपवली.

घरी पोचून मी खांद्यावरची पिशवी उतरवत होतो, तर बायको आतून म्हणाली, "अहो, उद्या दारूकाम आहे. पुढची जागा मिळत नाही म्हणे. तुम्ही दुपारीच जाऊन उभे राहा."