टॉवेल हर्णैला गेलाय

माझा निळा टर्किश टॉवेल सध्या हर्णैला आहे आणि मी पुण्यात आहे. चांगला साडेतीनशेचा होता, दोनदाच वापरलेला.

झालं असं की गेल्या शनिवारी मी, बायको, आई-बाबा आणि चिरंजीव असे पाच जण दापोलीला निघालो. गाडी सीएनजी. पेट्रोलवर किलोमीटरला ६ रुपये पडतात आणि गॅसवर पावणेचार, हे गणित मी गाडी घेताना बायकोला इतक्यांदा ऐकवलंय की ती आता झोपेतही म्हणून दाखवेल. फक्त सिलिंडर डिकीत बसल्यावर सामान कुठं बसणार हे त्या गणितात नव्हतं. त्यामुळे चिरंजीवांच्या मांडीवर राइस कुकर (बाहेरचं जेवण महाग म्हणून), आईच्या पायाशी दशम्यांचा डबा, आणि टॉवेल वगैरे एका पिशवीत बाबांच्या पोटावर.

बाबा आधीच नाराज होते. ३००० रुपयांचा तो फास्टॅगचा वार्षिक पास मी हौसेनं काढलाय, वर्षात २०० फेऱ्या, आणि निघालो ताम्हिणीनं, जिथं टोलच नाही. "पास फुकट चाललाय," बाबा मुळशीपर्यंत म्हणत होते. त्यांचं म्हणणं, खेड-शिवापूरवरून वाई, महाबळेश्वर, पोलादपूर करत जाऊ, निदान एक फेरी तरी वसूल होईल. पंधरा रुपये वसूल करायला महाबळेश्वर चढायचं! असो, हा गुण माझ्यात कुठून आला ते तुम्हाला कळलं असेल.

पुण्यात पंपावर रांग होती म्हणून म्हटलं पुढं भरू. हे 'पुढं भरू' फार वाईट. ताम्हिणी उतरून माणगावच्या पुढं एका पंपावर (नाव घेत नाही) पोचलो तर पुढं ३१ गाड्या. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ ला सुरू झालं, माझं लग्न त्यानंतरचं, मुलगा चौथीत गेला, रस्ता अजून होतोच आहे. शनिवारी त्या भागात जे ट्रॅफिक तुंबतं ते तुंबलेलं होतंच. आणि पंपावरचा मुलगा म्हणाला, प्रेशर कमी आहे, गॅसची गाडी येतेय, ती ट्रॅफिकमध्ये अडकलीय. म्हणजे ज्या गाड्यांना गॅस द्यायचा त्याच गाड्यांनी गॅस अडवलेला.

आमच्या पुढच्या गाडीत डोंबिवलीचे एक काका होते. बर्म्युडा, बनियन, हातात बँकेची २०१९ ची डायरी. आमच्या गाडीला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "किती देते?"

"पंचवीस."

"एसी लावून?"

"हो."

काकांनी डोळे मिटले. मग डायरी उघडून दाखवली. तारीख, किलोमीटर, किलो, रुपये, आणि शेवटी किलोमीटरला किती ते पैशापर्यंत. घाटात उतरताना एसी, चढताना खिडकी. बायको बाजूला बसली की तीन पैसे जास्त, असंही एका ओळीत होतं, ते त्यांनी अंगठ्यानं झाकलं.

"ते वडापाव इथंच घेतलेत का?" त्यांनी आमच्या हातांकडे बघत विचारलं.

"हो."

"किती?"

"सहा."

"१२०. आणि रस? पाच ग्लास? १००." पेन चालू. "इथून दापोली ऐंशी धरा. गॅसवर तुमचे वाचणार १८०. तुम्ही खाल्ले २२०." मग मागच्या गाडीलाही ऐकू जाईल अशा आवाजात, "अहो साहेब, तुम्ही चाळीस रुपये तोट्यात उभे आहात!"

बायकोनं मान डोलावली. त्यांच्याकडे बघून.

नंतर त्यांनी डिकी उघडली. आत सिलिंडरवर एक ओला टॉवेल पसरलेला, तापात कपाळावर घडी ठेवतात तसा. "सिलिंडर गार तर गॅस जास्त मावतो. फिजिक्स आहे," म्हणाले, "पण एकानं भागत नाही हो, डावी बाजू उघडी पडतेय." आणि माझ्या बाबांकडे बघितलं. बाबांनी आमची पिशवी उघडली, माझा निळा टॉवेल काढला, आमच्या प्यायच्या पाण्याच्या बाटलीत भिजवला आणि परक्या माणसाच्या सिलिंडरची डावी बाजू झाकून टाकली. वर मला म्हणाले, "बघ, शीक काहीतरी."

या सगळ्यात आईला बाथरूमला जायचं होतं. पंपावर पाणी, हवा आणि स्वच्छतागृह फुकट मिळालं पाहिजे असा नियम आहे. इथं दाराला कुलूप, चावी मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला. पासष्ट वर्षांची बाई गुडघे धरून दीड तास त्या कुलपाकडे बघत बसली. यावर विनोद करायचा मी घरी येऊन दोनदा प्रयत्न केला, जमला नाही.

शेवटी काकांचा नंबर आला. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं, त्यांच्या काकू उतरल्या, आणि मला म्हणाल्या, "दरवर्षी हेच." काट्याकडे बघत काका उभे. २०० बारला थांबला. फुल! काकांनी टाळी मागितली, बाबांनी दिली. मग आमचा नंबर. आई उतरली, कुकर उतरला, डबा उतरला, चिरंजीव उतरले. १ किलो ८०० ग्रॅमला नोझल थांबलं. "प्रेशर गेलं," मुलगा म्हणाला.

काकांनी खिडकीतून डोकं काढलं. "घडी ठेवायला हवी होती!" आणि गेले. माझा टॉवेल आत, डाव्या बाजूला.

शेजारच्या पेट्रोलच्या मशीनवर कोणीच नव्हतं. कोणाला उतरावंही लागलं नाही. तीन मिनिटं. आई म्हणाली, "हे मघाशीच का नाही भरलंस?" मी आरसा नीट करत बसलो.

संध्याकाळी समुद्रावरून ओला मुलगा आला आणि बायकोनं पिशवी उलटी केली. बाबा म्हणाले, ते लोक हर्णैलाच उतरणार होते, मासळीचा लिलाव बघायला सगळे येतात, आपणही जाऊ. गेलो. लोक सुरमई बघत होते, मी पांढऱ्या गाड्यांच्या डिक्या. जाऊन-येऊन ३० किलोमीटर, पेट्रोलवर, म्हणजे १८० रुपये.

टॉवेल मिळाला नाही. सुरमई महाग होती.