बंदिश ‘पारंपरिक’ कधी होते?

यंदाच्या दिवाळीत नाशकातल्या एका पहाट मैफलीत बाहेरगावाहून आलेला एक तरुण गायक गात होता. आधी ललत झाला आणि मग निवेदिकेने माइक हाती घेऊन पुढचा राग अहीरभैरव, ताल झपताल, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण हे सगळे रीतसर सांगितले आणि शेवटी ‘एक सुंदर पारंपरिक बंदिश’ असे जोडले. ज्यांनी ती बंदिश, म्हणजे राग-तालातली ती शब्दरचना, बांधली, त्या ताई तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून थर्मासमधला चहा झाकणात ओतत होत्या. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पहिली ओळ, ऐकताच त्यांचा हात थांबला. मग त्यांनी चहा पुरा ओतला आणि झाकण माझ्याकडे दिले.

ताईंचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण त्यांनी तसे स्पष्ट बजावले आहे. नाव घेतले जावे म्हणून लिहिलेल्या पोस्टमध्येच नाव नसावे, यातला विनोद मला कळतो.

मी त्यांचा शिष्य आहे, गायक मात्र नाही. गेली अकरा वर्षे त्यांच्या मागे तानपुऱ्यावर बसतो, गाडी चालवतो आणि कार्यक्रमांची वही ठेवतो. मागच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत त्या वहीत सात मैफली, चार सप्रयोग व्याख्याने, नभोवाणीसाठीची दोन ध्वनिमुद्रणे आणि एक लांबलेली मुलाखत एवढ्या नोंदी आहेत. कार्यक्रम, साथीदार, मानधन, परतीची वेळ, सगळे त्यात आहे. पण ही सगळी नोंद गायिकेची झाली. ताई जितक्या गायिका आहेत तितक्याच रचनाकार आहेत, आणि रचनाकाराच्या वर्षाचा हिशेब या वहीत करताच येत नाही, कारण त्यांच्या चिजा, म्हणजे बंदिशी, या वर्षात कोणी, कुठे, कोणत्या रूपात गायल्या हे आम्हांला कोणी कळवीत नाही. ते असे तिसऱ्या रांगेत बसल्यावर कळते.

ही विशिष्ट बंदिश तयार होताना मी जवळून पाहिली आहे. ‘भोर भई गोदा के तीर’ हे तिचे तोंड. उठाव, म्हणजे ओळीची सुरुवात, दहा मात्रांच्या झपतालातल्या सहाव्या मात्रेपासून, म्हणजे टाळी न देता मोजायच्या ‘खाली’वरून, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ‘तीर’ या शब्दावर. पहिल्या मांडणीत ही सम षड्जावर येत होती. ऐकायला ती गोड होती, पण ताई आठवडाभर तिच्यावर नाराज होत्या. ‘ओळ घाटावर येते आणि पायरीवर बसून राहते,’ असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी मंद्रातल्या कोमल निषादावरून कोमल ऋषभाकडे जाणारी, अहीरभैरवाची ओळख सांगणारी वळणाची जागा ‘भई’ या शब्दाकडे आणली आणि सम मध्यमावर नेली. तेवढ्याने ओळ बसायची थांबली, उभी राहिली आणि पुढच्या आवर्तनाकडे पाहू लागली. अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, मात्र तीन महिने अडून होता. तो एका संध्याकाळी, गॅसवरचे दूध उतू जात असताना सुचला आणि दूध गेलेच. ज्याला आपण सहजपणे ‘पारंपरिक’ म्हणून मोकळे होतो, त्यात असे महिने असतात.

आता निवेदनाच्या पद्धतीकडे पाहा. रेडिओवर भावगीत लागले की गीतकार, संगीतकार आणि गायक ही तिन्ही नावे ओळीने सांगितली जातात. आपल्या दोनतीन पिढ्यांना ती नावे पाठ झाली ती याच सवयीमुळे. ख्यालगायन लागले की राग, ताल, गायक आणि साथीदार सांगितले जातात आणि रचनाकाराच्या जागी काहीच येत नाही. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, आणि घरबसल्या राग ओळखायची गोडी लोकांना लावण्यात या प्रसारणांचा वाटा फार मोठा आहे, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पण त्याच कानांना बंदिशीला कर्ता असतो हे मात्र कधी ऐकायला मिळाले नाही. या वर्षी एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी भरायला दिलेल्या कागदावर राग, ताल, बंदिशीची पहिली ओळ, साथीदार आणि कालावधी असे रकाने होते. रचनाकाराचा रकाना नव्हता. मी समासात बारीक अक्षरात नाव लिहिले. कर्मचाऱ्याने ते वाचले आणि अत्यंत सौजन्याने विचारले, ‘हे तानपुऱ्यावर आहेत का?’

जुन्या रचनाकारांना ही अडचण बहुधा ठाऊक असावी, म्हणून त्यांनी आपले नाव बंदिशीतच विणून ठेवले. मुहंमदशाह रंगीले याच्या दरबारातल्या नियामत खाँचा ‘सदारंग’ आपल्याला अठराव्या शतकातून ऐकू येतो तो केवळ अंतऱ्यात विणलेल्या या नावामुळे, म्हणजे मुद्रेमुळे. फैयाज खाँचा ‘प्रेमपिया’, जगन्नाथबुवा पुरोहितांचा ‘गुणीदास’, रातंजनकरांचा ‘सुजान’, रामाश्रय झांचा ‘रामरंग’ ही सगळी त्याच रीतीची नावे. इतकेच कशाला, ज्या भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग काढून इतरांच्या शेकडो चिजा स्वरलिपीत बांधून ठेवल्या, त्यांनी स्वतः रचलेल्या चिजांमध्ये ‘चतुर’ ही मुद्रा घातली. विनय आणि स्वाक्षरी एकमेकांच्या आड येत नाहीत, हे त्यांना कळत होते.

परंतु मुद्रा असते अंतऱ्यात, आणि अंतराच आज गायला जात नाही. माझी खरी तक्रार येथे आहे. स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, मांडायची, चार आलाप घ्यायचे आणि सरगम आणि तानांकडे धाव घ्यायची, अंतरा आला तर एकदा, तोही शब्द गिळत, हे मी या वर्षी इतक्या वेळा ऐकले की मोजणे सोडून दिले. कारण विचारले तर वेळ नसतो, असे सांगतात. त्यावर मी नाशिककर म्हणून एकच उदाहरण देतो. पं. द. वि. पलुस्कर यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशकातच झाला आणि त्यांचे वडील पं. विष्णु दिगंबर यांनी आयुष्याची अखेरची काही वर्षे पंचवटीत काढली. द. वि., म्हणजेच बापूराव, १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या ७८ गतीच्या तबकड्या आजही सहज ऐकता येतात. तबकडीच्या एका बाजूला मिळतात जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे, आणि तेवढ्यात स्थायी, अंतरा, आलाप आणि ताना आपापल्या जागी, कोणाला धक्का न लागता बसलेल्या असतात. अर्ध्या तासात अंतऱ्याला जागा होत नसेल तर अडचण घड्याळाची नाही.

अलीकडच्या रचनाकारांनी दुसरा मार्ग धरला, तो पुस्तकाचा. कुमार गंधर्वांचा ‘अनूपरागविलास’ १९६५ साली आला. रामरंगांच्या ‘अभिनव गीतांजली’चे पाच भाग आज शिकवणाऱ्यांच्या घरोघरी आहेत. प्रभाताई अत्रे यांनी आपल्या बंदिशी स्वरलिपीसह छापल्या, स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांवर जाहीरपणे बोलल्या. तरीही मारुबिहागातली त्यांची ‘जागू मैं सारी रैना’ गाताना ती कोणाची हे सांगणारे विरळाच, आणि प्रभाताईंना जाऊन (जानेवारी २०२४) अजून फार काळ लोटलेला नाही. पुस्तक निघाले की नाव टिकते, एवढे समाधान त्यामुळे पुरे पडत नाही, कारण बंदिश पुस्तकातून फार कमी पसरते. आता ती पसरते ती मोबाइलमधून.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो माझ्या मते दुय्यम आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनाकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतर साठ वर्षे चालतो, आणि कर्ता म्हणून आपले नाव सांगितले जावे हा वेगळा हक्क त्याच कायद्याच्या ५७व्या कलमात आहे. १९९४च्या दुरुस्तीपूर्वी संगीतरचना कागदावर उतरलेली असणे आवश्यक होते, ती अट त्या दुरुस्तीने गेली. तोंडी परंपरेच्या दृष्टीने हा फार मोठा बदल होता, पण आमच्या क्षेत्रात त्याची चर्चा जवळपास झालीच नाही. डागर घराण्याच्या एका रचनेवरून दिल्ली उच्च न्यायालयात चाललेल्या वादात २०२५च्या एप्रिलमध्ये एक आदेश झाला आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. कर्ता कोण आणि परंपरेतून आलेले नुसते सादर करणारा कोण, हे ठरवणे किती अवघड आहे ते यावरून दिसते. पण माझा मुद्दा कोर्टात जाण्याचा नाहीच. निवेदनातल्या एका वाक्याचा आहे, आणि त्या वाक्याला पैसे पडत नाहीत.

ताईंना यातले फारसे पटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परतताना गाडीत मी बराच तणतणलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘अरे, माझ्या हयातीत माझी चीज पारंपरिक झाली, याहून मोठा पुरस्कार कोणता देणार आहेस तू?’ हे उत्तर मोठे आहे, आणि ते ऐकल्यावर मी रविवार कारंजापर्यंत काही बोललो नाही. बंदिश बांधणाऱ्याला मनातून हेच हवे असते, की ती इतकी मुरावी की कोणी बांधली असे वाटूच नये. परंतु असे म्हणण्याचा अधिकार रचनाकाराचा आहे. तो त्यांचा मोठेपणा आहे, म्हणून तो आपला आळस होऊ शकत नाही. ‘पारंपरिक’ या शब्दाचा खरा अर्थ आपण ‘मी चौकशी केली नाही’ असा करून टाकला आहे. शिवाय नाव गळले की पाठोपाठ शब्दही गळतात. त्या पहाटेच्या मैफलीत नेमके तेच घडले होते. तो मुलगा सुरेल होता, उठाव खालीवरून अचूक घेत होता, सम मध्यमावर सुंदर ठेवत होता, पण गात होता ‘भोर भई जमुना के तीर’. ‘गोदा’ आणि ‘जमुना’ यांच्या मात्रा सारख्याच, त्यामुळे लयीला काही झाले नाही. ही चीज हातोहात जाताना मधल्या कोणाला तरी वाटले असणार की ब्रज भाषेतल्या पारंपरिक बंदिशीत नदी म्हणजे यमुनाच असायची, आणि त्याने आपल्या परीने दुरुस्ती केली. कर्ता माहीत असता तर कर्त्याचे गाव माहीत असते, आणि मग हा शब्द कोणी बदलला नसता. गाडीत ताई मला पुरस्काराचे सुनावून गप्प बसल्या होत्या, पण घर आल्यावर दार लावता लावता म्हणाल्या, ‘नाव गेले तर जाऊ दे रे, पण नदी कशी गेली?’

त्याआधी, मैफल संपल्यावर, तो गायक स्वतःच आमच्याकडे आला होता. ताई रचनाकार आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. कोणीतरी ज्येष्ठ गायिका म्हणून ओळख करून दिली, तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला आणि संकोचत म्हणाला, ‘ताई, या बंदिशीची स्थायीच फक्त मला मिळाली, तीही एका कार्यशाळेच्या मोबाइल रेकॉर्डिंगमधून. अंतरा आपल्याकडे असेल का?’ मी तोंड उघडणार तोच ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. पर्समधून पेन काढून त्यांनी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर अंतरा लिहिला, वर स्वर लिहिले, समेच्या खुणा केल्या. शेवटच्या ओळीतली मुद्रा त्यांनी गाळली नाही, हे मी नीट पाहिले. मग, त्याने मागितली नसतानाही, वरच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्थायीची ओळ पुन्हा लिहिली आणि ‘गोदा’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली.