घसारा

मामाची गिटार विकायची ठरली तेव्हा मामेभाऊ न्यू जर्सीहून म्हणाला, "किंमत तेवढी काढून ठेव, तू पुण्यात आहेस ना." गिटार अमेरिकन, भाऊ अमेरिकेत आणि किंमत काढायची मी, शनिवार पेठेत! मामा बोटीवर होता. 1965 साली न्यूयॉर्कहून पन्नास डॉलरला वापरलेली गिब्सन जे-45 घेऊन आला होता.

वाद्यांच्या दुकानात अभ्यास करून गेलो होतो. साठच्या दशकात गिब्सनने एकच नंबर वेगवेगळ्या गिटारींवर बिनदिक्कत मारलाय, त्यामुळे नंबरावरून साल कळत नाही. मग नट मोजायचा, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. 1965 मध्ये कंपनीने ती 43 मिलिमीटरवरून 40 वर आणली. रुंद निघाली तर भाव चढा. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली. 43! मी खूश.

"ते असू द्या," दुकानदार म्हणाला. "वाजल्याशिवाय कसं सांगणार? आधी तारा बदलू." साडेसहाशे रुपये.

तो तारा चढवत होता तेवढ्यात पेटीचा भाता दुरुस्त व्हायची वाट बघत बसलेले एक काका पुढे सरकले. त्यांनी गिटारीवर नारळासारखी टिचकी मारली.

"कितीला घेतली?"

"पन्नास डॉलर. पासष्ट साली."

"म्हणजे रुपयाच्या अवमूल्यनाच्या आधी. डॉलरला चार रुपये शहात्तर पैसे. दोनशे अडतीस झाले." त्यांनी खिशातून विजेचं बिल काढून कोरी बाजू वर केली. "आता घसारा."

"अहो काका, गिटार जुनी झाली की भाव वाढतो."

"लाकडीच ना? फर्निचर, दरसाल उरलेल्या किमतीच्या दहा टक्के. उभी हयात लेखा विभागात गेली माझी."

"डेव्हिड गिल्मरची काळी गिटार 2019 मध्ये लिलावात जवळजवळ चाळीस लाख डॉलरला गेली!"

"कोण हे?"

"पिंक फ्लॉइड बँडचे."

"त्यांनी घसारा धरला नसेल." मोबाईलवर बराच वेळ टकटक झाली. "साठ वर्षं. त्रेचाळीस पैसे. शून्य कधीच होत नाही, ही या पद्धतीची गंमत."

दुकानदार हसला नाही, याचाच मला जास्त राग आला. वर म्हणतो कसा, "पॉलिश मात्र झकास हं!" नेमकं तेच! सोफ्याला पॉलिश करायला आलेल्या माणसाकडून मामीने हौसेनं गिटारही चकचकीत करून घेतली होती. मूळ रंग गेला की जाणकार गिऱ्हाईक निम्म्यावर येतं. सगळ्या गिटारीत या गृहस्थाला आवडलं ते एवढंच.

"चार हजार देतो. केससकट."

अंगठी घेऊन गेलात तर गल्लीतला सराफ वजन करून, कस लावून भाव सांगतो. फ्लॅटला सरकारमान्य मूल्यांकनकार मिळतो. वाद्याचं मोल करायला या शहरात कोण आहे? सवाई गंधर्वला एकेकाळी रात्र रात्र माना डोलावलेल्या शहरात! विम्याचा एजंट मूळ बिल मागतो. पासष्ट सालचं, न्यूयॉर्कचं. भावाला फोन केला तर म्हणाला, "अजून एक-दोन ठिकाणी विचार ना." तुझ्या घरापासून तासाभरावर मॅनहॅटन आहे, तिथे विचार ना तू!

मी गिटार केसमध्ये घातली आणि तारांचे पैसे मोजले. काका बिलात डोकावले.

"हे साडेसहाशे दुरुस्ती खर्चात टाका, किमतीत धरायचे नाहीत," ते म्हणाले. "त्रेचाळीस पैसे कायम."