फुकटचं यूपीआय आणि माझी रात्रीची वही

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. लाडू-चकलीच्या ऑर्डरी घ्यायला लागलीय. "तुझ्या मसाल्याचे पैसे तू कसे घेतेस गं?" तेव्हा घाईत काहीतरी सांगून फोन ठेवला. आता नीट लिहिते.

सुरुवातीला माझंही सगळ्यांसारखंच. व्हॉट्सॲपवर क्यूआर टाकायचा, समोरून स्क्रीनशॉट आला की डबा भरायला घ्यायचा. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या साध्या व्यवहारावर विक्रेत्याचं कमिशन कापत नाहीत, त्यामुळे ४५० चे ४५० खात्यात. याहून स्वस्त काय असणार, असं वाटायचं.

मग दिवाळी आली. ऑर्डर सुनेची, पैसे सासऱ्यांच्या खात्यातून. एकाच दिवशी तीन कुलकर्णी, तिघींना अर्धा किलो गोडा मसाला, तिघींचे ४५०! "पैसे पाठवताना ऑर्डर नंबर लिहा" असं कितीही सांगा, कोणी लिहीत नाही. रात्री साडेअकराला वही आणि बँकेचं ॲप घेऊन जुळवत बसायचे. नवरा म्हणाला, "बँकेत कामाला लागलीस की काय?" हसले, पण खरं सांगू, रागच आला होता. त्या दोन तासांचे पैसे कोणी धरतच नाही.

यावर एक जुगाड केला. पहिलीला ४५१ सांगायचे, दुसरीला ४५२, तिसरीला ४५३. आकड्यावरून माणूस ओळखायचा. दिवसाला वीसेक डब्यांपर्यंत हे झकास चालतं.

त्यापुढे मात्र पेमेंट गेटवेची, म्हणजे ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या कंपनीची, पेमेंट लिंक घ्या. "दोन टक्के कापतात" म्हणून मीही वर्षभर टाळलं. ४५० वर दोन टक्के म्हणजे ९ रुपये, त्या नऊवर १८ टक्के जीएसटी, एकूण १० रुपये ६२ पैसे. पैसे हातात यायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढं मिरची-धण्याच्या खरेदीचं आधी बघावं लागतं. पण लिंकमध्ये रक्कम आणि ऑर्डर आधीच बांधलेली, क्रेडिट कार्डवालेही खूश. मला हा सौदा महाग वाटत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी मी बंद केलं. "घरी कोणी नाही" म्हणून पार्सल परत आलं की जाण्यायेण्याचं भाडं माझ्या डोक्यावर, आणि फिरून आलेला डबा मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

आणि स्क्रीनशॉटवर विश्वास? नाव नको! एकाने १,४०० चा पाठवला होता, हिरवी टिक वगैरे सगळं छान. पार्सल गेलं, पैसे आलेच नाहीत. आता आधी बँकेत जमा दिसतात, मग डबा हलतो. कोणी "पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

धंद्याचं खातं वेगळंच ठेव गं. कुठल्यातरी भामट्याचे पैसे फिरत फिरत आपल्याकडे आले आणि तक्रारीत खातं गोठलं, तर निदान दूध-किराण्याचे पैसे अडकत नाहीत.

तुला सध्या वही पुरेल. तीन कुलकर्णी एका दिवशी आल्या की फोन कर, लिंक कशी काढायची ते दाखवते.