आंबेहळद लेपापुरती नाही

थंडी पडली की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरायला लागतो: 'आंबेहळद म्हणजे आंबा आणि हळदीचं कलम. ती मुकामारावर उगाळून लावायची, खायची नाही. खायचीच असेल तर हळदीऐवजी भाजीत टाका.' यातलं एकही वाक्य धड नाही, आणि त्यापायी एक सुरेख चव आपल्या ताटातून चाललीय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कलमाचं आधी उरकते. आंब्याचं झाड, हळदीचा कंद. कुळंच वेगळी, कलम होईल कसं? आंबेहळद ही हळदीच्या कुळातलीच स्वतंत्र जात, कुर्कुमा अमाडा. तिच्या तेलात मायर्सिन, ओसिमिन अशी द्रव्यं असतात. आंब्याच्या वासातही तीच असतात.

खायची नाही? बंगालात हिची चटणी करतात. गुजरातेत हिवाळ्यात ताज्या चकत्या लिंबू-मीठ लावून जेवणात घेतात. लांब कशाला, आपल्या सोलापूरच्याच पूर्व भागातल्या तेलुगू घरांत विचारा. मामिडी अल्लम ती हीच, आणि तिची पच्चडी नि लोणचं त्यांना नवं नाही. मात्र काष्ठौषधींच्या दुकानातले वाळके तुकडे लेपासाठीच असतात, पुष्कळदा ती दुसरीच रानहळद निघते. ते स्वयंपाकात नकोत. मंडईतून ताजी घ्या: वरून आल्यासारखी, आत फिकट पिवळी, मोडताच कैरीचा घमघमाट.

राहिलं हळदीऐवजी वापरणं. हिच्यात रंग देणारं कुर्कुमिन अगदी थोडं, त्यामुळे भाजी फिकी दिसते. आणि वास उडून जाणारा. उकळत्या रश्शात तो टिकत नाही. म्हणून ही कच्चीच खावी. वास कैरीचा असला तरी आंबटपणा हिला स्वतःचा नाही, लिंबू लागतंच. किसून त्यात लिंबू, मीठ, हिरवी मिरची घाला आणि तासभर मुरू द्या. हुरड्याबरोबर किंवा कडक भाकरी नि दह्याबरोबर हे तोंडी लावणं मला शेंगाचटणीच्या बरोबरीचं वाटतं. साध्या वरणावर वाढताना चिमूटभर कीस टाकला तरी वरण ओळखू येत नाही. लोणचं घालायचं तर चकत्या पुसून कोरड्या करा, मोहरी-हिंगाची फोडणी पूर्ण गार होऊ द्या, मगच ओता. गरम तेल पडलं की कैरीचा वास गेलाच.