चेकिंग... नो

पोस्टग्रेस हा डेटाबेस सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून बांधून, बसवायची कमांड क्लायंटच्या हेड ऑफिसहून वर्ड फाईलमध्ये आली, वर ‘मंजूर’ असं लिहिलेलं. वर्डने स्वभावाला जागून दोन आखूड रेघांची एक लांब रेघ करून ठेवली होती. ‘–प्रिफिक्स=’ असं लांब रेघेनं दिलं की ‘कॉन्फिगर’ला (बांधणीआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) तो ऑप्शन वाटतच नाही. मधलं बरोबरचं चिन्ह बघून तो त्याला व्हेरिएबल समजतो आणि ‘इनव्हॅलिड व्हेरिएबल नेम’ म्हणून थांबतो. रेघ दिसायला सोज्वळ, त्यामुळे माणूस स्पेलिंग तपासत बसतो. साधी टेक्स्ट फाईल मागितली, तर ‘फॉरमॅट ठरलेला आहे’ असं उत्तर आलं. ठीक आहे. रेघा हाताने टाईप केल्या.

तोवर अकाउंट्सचे काका खुर्ची ओढून शेजारी बसले होते. सर्व्हरचं बिल त्यांच्याकडून पास व्हायचं होतं, म्हणून ‘कामावर नजर’. कॉन्फिगर सुरू झाला की ‘चेकिंग अमुक’, ‘चेकिंग तमुक’ अशा ओळी सरसर वर जातात. त्या कुणी वाचायच्या नसतात. काकांनी मला वर सरकवून पहिल्यापासून वाचायला लावल्या, मोठ्याने.

“बिल्ड सिस्टिम टाईप, एक्स86... पीसी? साहेब, इथे पीसी लिहिलंय.”

“काका, या जातीच्या सगळ्याच मशीनला तो तसं म्हणतो.”

“म्हणतो म्हणजे? पर्चेस ऑर्डरवर सर्व्हर आहे. किंमतही सर्व्हरचीच लावलीय.” त्यांनी व्हाउचरच्या पाठीवर ‘पीसी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

“डिफॉल्ट पोर्ट 5432. हे बरोबर?”

“हो.”

बरोबरची खूण. “ब्लॉक साईज 8 केबी. सेगमेंट साईज 1 जीबी. एकच? डिस्क तर दोन टीबीची घेतलीय!”

“टेबल मोठं झालं की पोस्टग्रेस त्याचे एकेक जीबीचे तुकडे करून वेगळ्या फाईलींत ठेवतो. डिस्क सगळी वापरता येते.”

“मग तसं लिहायला काय होतं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर ‘नो’ची रांग लागली. पर्ल नो, पायथन नो, पॅम नो, एलडॅप नो. हे ऐच्छिक भाग मागितले नाहीत म्हणून नो, एवढंच. पण काका प्रत्येक नोला चुकचुकत होते. ‘बॉनजूर सपोर्ट, नो’ला ते थांबले. “हे का नाही घेतलं? एक्स्ट्रा आहे का?” मग, “सिस्टिमडी, नो. हाही चालतो?”

हा मात्र चालणार नव्हता. सिस्टिमडी म्हणजे लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम. मंजूर कमांडमध्ये सिस्टिमडी होतं, पण ‘--एनेबल-सिस्टिमडी’ असं. पोस्टग्रेसमध्ये तो ऑप्शन ‘--विथ-सिस्टिमडी’ असा आहे. काकांचा चेहरा इतका उजळला की बिलात कपात दिसायला लागली.

आता खरी चीड. ऑटोकॉन्फ या टूलने बनवलेल्या कॉन्फिगरला अनोळखी ‘एनेबल’ किंवा ‘विथ’ दिला तर तो थांबत नाही. ‘अनरेकग्नाईज्ड ऑप्शन्स’ अशी एक कुरकुर करतो आणि पुढे जातो. हा बग नाही, जीएनयू या फ्री सॉफ्टवेअर प्रकल्पाचा नियमच तसा आहे. अनेक पॅकेजेसचं झाड एकाच ऑप्शनांच्या यादीने बांधता यावं, म्हणून ज्याला जे लागू नाही त्याने ते मुकाट गिळायचं. ऑटोकॉन्फ 1991 सालचं, तेव्हा हे शहाणपणाचं असेलही. पण बरोबर ऑप्शन दिला आणि डेबियन लिनक्सवर ‘लिबसिस्टिमडी-डेव्ह’ हे पॅकेज नसेल, तर हाच कॉन्फिगर हेडर (लायब्ररी वापरून कोड बांधायला लागणारी फाईल) मिळत नाही म्हणून ठाम उभा राहतो. म्हणजे नाव बरोबर घेणाऱ्याची झडती आणि चुकीचं घेणाऱ्याला ‘या, बसा’. यावर इलाज आहे, ‘--एनेबल-ऑप्शन-चेकिंग=फेटल’. तो दिला की अनोळखी ऑप्शनवर काम तिथेच थांबतं. मी तो पहिलाच टाकतो. मंजूर कमांडमध्ये अर्थातच नव्हता.

(हेडरवरून आठवलं. ‘रीडलाईन लायब्ररी नॉट फाउंड’ आलं की लोक रीडलाईन पुन्हा पुन्हा टाकत बसतात. ती असतेच, नसते ती तिची डेव्हलपमेंट आवृत्ती. डेबियनवर ‘-डेव्ह’, रेडहॅटवर ‘-डेव्हल’. झेडलिब या दुसऱ्या लायब्ररीच्या अशा आवृत्तीचं डेबियनवरचं नाव तर ‘झेडलिब1जी-डेव्ह’. हे नाव फोनवर कुणाला सांगून बघा.)

सिस्टिमडीचा हा नो सोडून दिला तर काय होतं? सर्व्हिस फाईलमध्ये ‘टाईप=नोटिफाय’ असतं, म्हणजे ‘मी तयार आहे’ असं पोस्टग्रेसने सिस्टिमडीला कळवायचं. तो सपोर्टच बांधला नसेल तर डेटाबेस छान सुरू होतो, पीएसक्यूएल (पोस्टग्रेसशी बोलायचा प्रोग्रॅम) जोडलाही जातो, पण सिस्टिमसीटीएल (सिस्टिमडीची कमांड) ‘ॲक्टिव्हेटिंग’वर अडकून पडतो. मुदत बदललेली नसेल तर 90 सेकंदांनी सिस्टिमडी चालता सर्व्हर बंद करतो. लोक लॉगमध्ये पोस्टग्रेसचा दोष शोधतात आणि पोस्टग्रेसला तर काही झालेलंच नसतं.

हे सगळं हेड ऑफिसला कळवलं. त्यांनी ‘पीजी_कॉन्फिग --कॉन्फिगर’चं आउटपुट मागितलं. ही कमांड कॉन्फिगरला दिलेले ऑप्शन जसेच्या तसे परत सांगते, ओळखलेले असोत वा नसोत. त्यात ‘--एनेबल-सिस्टिमडी’ दिमाखात उभा. उत्तर आलं: ऑप्शन दिलेला आहे, डॉक्युमेंट बरोबर आहे, व्हेंडरने आपली बाजू तपासावी.

खरं काय ते बायनरी, म्हणजे बांधून तयार झालेली फाईल, सांगते. बिनमधल्या ‘पोस्टग्रेस’ फाईलवर ‘एलडीडी’ (फाईल कोणत्या लायब्ररी वापरते ते दाखवणारी कमांड) चालवायचं आणि यादीत ‘लिबसिस्टिमडी’ दिसतं का बघायचं. दिसलं नाही. तेही आउटपुट पाठवलं.

‘एलडीडी ही कमांड मंजूर यादीत नाही,’ असं लिहून त्यांनी तिकीट बंद केलं. कॉपी काकांना.