इंग्रजीला हात न लावता चौथी कशी काढावी

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका. चीनमधली कॉलेज इंग्लिश टेस्ट, म्हणजे सीईटी, ही इंग्रजीची परीक्षा आहे असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असणार. सांगणारा बहुधा पहिल्या वर्षाचा असेल, नाहीतर परदेशी असेल. (महाराष्ट्रातल्या पालकांनी सीईटी हे नाव वाचून लगेच क्लासची फी विचारू नये. ही ती नव्हे.) तुम्ही आता दुसऱ्या वर्षाला आलात. वुहानमधल्या एखाद्या विद्यापीठाच्या वसतिगृहात वरच्या पलंगावर झोपता, रात्री अकराला दिवे गेले की मोबाइलच्या उजेडात जगता. तुम्हाला आता पोक्त सल्ल्याची गरज आहे. सल्ल्याचं सार एवढंच, की चौथी काढायची असेल तर इंग्रजीपासून चार हात लांब राहा.

चौथी म्हणजे सीईटीची चौथी पातळी. तिच्या वर थेट सहावी. मधली पाचवी कुठे गेली ते विचारू नये. चौथी १९८७ साली सुरू झाली, सहावी तिच्यामागून १९८९ मध्ये आली, आणि हल्ली जूनमधल्या आणि डिसेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी चौथी, दुपारी सहावी असा बार उडतो. वर्षाला एक कोटीहून जास्त पोरं बसतात. या सगळ्यांना इंग्रजी येऊ लागलं तर परीक्षा कुणाची घ्यायची? तेव्हा देशहितासाठीही तुमचं इंग्रजी बेताचंच असलेलं बरं.

आता गुणांचं समजून घ्या, कारण अभ्यासाचा बराचसा वेळ यातच घालवायचा आहे. परीक्षा ७१० गुणांची आहे. सातशेची नाही, साडेसातशेची नाही, सातशे दहाची. विद्यार्थ्यांच्या एका ठरावीक गटाची सरासरी ५०० धरायची, त्यांच्यातल्या फरकाची एक पायरी ७० ची. तीन पायऱ्या वर गेलं की ७१०, चार पायऱ्या खाली आलं की २२०. म्हणजे किती प्रश्न बरोबर आले हे तुम्हाला मरेपर्यंत कळणार नाही, त्या गटाच्या मानाने तुम्ही कुठे उभे आहात एवढंच कळेल. २००५ पर्यंत साधे शंभर गुण होते आणि साठला पास. मग सुधारणा झाली. शिक्षण मंत्रालयाने सांगितलं की आता पास-नापास काही नाही, नुसतं गुणपत्रक मिळेल, मुलांवरचा ताण कमी होईल. फक्त सहावीला बसायचं असेल तर चौथीत ४२५ हवेत. ७१० चे साठ टक्के ४२६ होतात, हा निव्वळ योगायोग समजा. सरकारने पासाची रेघ पुसली आणि लोकांनी तीच रेघ ४२५ वर पुन्हा ओढून घेतली. त्यामुळे ४२४ मिळालेला विद्यार्थी हा अधिकृतरीत्या नापास नाही. त्याने रडू नये. रडायचंच असेल तर मंत्रालयाचा हवाला देऊन रडावं.

शब्दसंग्रह. चौथीला साधारण साडेचार हजार शब्द लागतात असं म्हणतात. ते पाठ करायचे नाहीत, ते पाठ करतोय हे जगाला दाखवायचं. त्यासाठी मोबाइलवर शब्दांची अॅप असतात. रोज चार शब्दांवर बोट फिरवलं की हजेरी लागते आणि ती हजेरी वीचॅटवर मित्रांच्या भिंतीवर टांगता येते. सलग शंभराव्या दिवसाची हजेरी टांगली की मामा, मावशी आणि जुने वर्गशिक्षक अंगठा दाखवतात. शंभर दिवस इंग्रजीशी जोडलेले राहिलात की नाही? मग झालं तर. ज्यांना कागदाचा वास आवडतो त्यांनी शब्दांचं जाडजूड पुस्तक घ्यावं. ते वर्णानुक्रमाने असतं. दर सत्राच्या सुरुवातीला ते नव्या निश्चयाने पहिल्या पानापासून सुरू करायचं आणि दोन आठवड्यांनी ठेवून द्यायचं. या पद्धतीमुळे ए अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांत चिनी विद्यार्थ्याला हरवणारा माणूस ऑक्सफर्डमध्येही सापडायचा नाही. बी अक्षराच्या पुढे मात्र कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

अभ्यासाची जागा म्हणजे ग्रंथालय. सकाळी सातला दार उघडायच्या आत रांगेत उभं राहायचं, टेबलावर एक प्रश्नसंच आणि गरम पाण्याचा थर्मास ठेवायचा आणि नाश्त्याला जायचं. थर्मास दिवसभर तुमच्या वतीने अभ्यास करतो. संध्याकाळी त्याला घेऊन या.

निबंधाला पंधरा टक्के आणि अर्धा तास असतो, लिहायचे शब्द १२० ते १८०. इथे बरेच जण विषय वाचण्याची घाई करतात. विषय नंतर. आधी साचा. 'समाजाच्या वेगवान विकासाबरोबर' असं सुरू करायचं, 'सर्वांना ठाऊकच आहे की' असं पुढे न्यायचं, मध्ये नाण्याला दोन बाजू असतातच, आणि शेवटी 'आपण सर्वांनी मिळून प्रयत्न केले तर उद्याचा दिवस अधिक उज्ज्वल असेल'. यात शंभरेक शब्द सहज बसतात. उरलेल्या मोकळ्या जागांत विषय भरायचा. विषय पर्यावरण असो, मैत्री असो की ऑनलाइन खरेदी, उद्याचा दिवस उज्ज्वलच होतो. तुम्हाला याची सवय आहेच म्हणा. शाळेपासून गाओकाओपर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत, तुम्ही ली हुआ नावाच्या एका काल्पनिक विद्यार्थ्याच्या नावाने परदेशी मित्राला पत्रं लिहीत आलात: कधी निमंत्रण, कधी क्षमायाचना, कधी वसंतोत्सवाची माहिती. त्या परदेशी मित्राने आजवर एकाही पत्राचं उत्तर दिलेलं नाही, आणि ली हुआला त्याचं काही वाटत नाही. हा अलिप्तपणा निबंधात उतरू द्या.

खरी मेहनत अक्षरावर घ्या. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन परीक्षकाच्या पडद्यावर जाते, त्याच्यापुढे अशा शेकडो असतात. तो निबंध वाचेल अशी आशा धरणं हा त्याच्यावर अन्याय आहे. हबै प्रांतातल्या हंगश्वेच्या प्रसिद्ध शाळेमुळे इंग्रजी अक्षराचं एक वळण देशभर पसरलं आहे. गोल, सुटं, छापल्यासारखं, सगळी अक्षरं कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखी एका उंचीची. त्याच्या गिरवण्याच्या वह्या विकत मिळतात. महिनाभर गिरवा. एकही शब्द न कळता तुम्ही तो इतका देखणा लिहाल की परीक्षकालाच आपल्या इंग्रजीची शंका येईल.

श्रवणाची गोष्ट वेगळी. इथे ३५ टक्के गुण आहेत आणि सगळी विद्या विजेवर चालते. परीक्षेचा आवाज विद्यापीठाच्या एफएम लहरीवर येतो, तो ऐकायला प्रत्येकाने आपापला रेडिओ-हेडफोन आणायचा. तो नवा घेऊ नये, वरच्या वर्गातल्या दादाकडून घ्यावा. त्याच्या कानावर गेल्या दोन परीक्षांचं इंग्रजी आधीच गेलेलं असतं. बॅटरीचे सेल मात्र नवे घ्या. बातम्या, संभाषणं, उतारे, सगळं एकदाच ऐकवतात, आणि नेमक्या दुसऱ्या बातमीला सेल संपले तर कानात खरखर येते. तरी घाबरू नका. खरखर ऐकून दिलेली उत्तरं आणि बातमी ऐकून दिलेली उत्तरं यांत तुमच्या बाबतीत फारसा फरक पडणार नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो, उपरोध बाजूला ठेवून. श्रवण संपलं की पहिली उत्तरपत्रिका लगेच काढून घेतात. गोल काळे करायचे ते ऐकता ऐकताच. 'आधी प्रश्नपत्रिकेवर खुणा करू, मग निवांत गोल रंगवू' म्हणणाऱ्या पोरांच्या हातून कागद ओढला जातो तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाहीत. आणि प्रश्नपत्रिकेच्या पाठीवरचा बारकोड काढून उत्तरपत्रिकेवर चिकटवायचा असतो. एकाच खोलीत वेगवेगळे संच वाटलेले असतात, आणि तुमचा संच कोणता हे त्या चिकटपट्टीवरूनच यंत्राला कळतं. दोन वर्षांच्या तयारीचा निकाल डिंकावर लागलेला असतो. पुढचे दोन महिने झोपेतून दचकून उठून 'मी चिकटवला होता ना?' असं विचारायचं असतं, तेही परीक्षेचाच भाग आहे.

वाचनाचे उतारे वाचू नयेत. पर्याय वाचावेत, तेही लांबीने. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मंत्र असा: तीन लांब एक आखूड असेल तर आखूड निवडा, तीन आखूड एक लांब असेल तर लांब निवडा, दोन-दोन असतील तर बी, आणि सगळेच वेडेवाकडे असतील तर सी. मंत्राला पट्टी लागते, इंग्रजी लागत नाही. ज्या उताऱ्यावर एखाद्या अमेरिकन प्राध्यापकाने घाम गाळलेला असतो तो तुम्ही सेंटीमीटरमध्ये सोडवता, याचा अभिमान बाळगा.

भाषांतर हा भाग डिसेंबर २०१३ पासून नव्या रूपात आला. आता दीडशेच्या आसपास चिनी अक्षरांचा सलग उतारा देतात, विषय बहुधा आपल्याच थोर संस्कृतीचा. कधी यांगत्से, पीतनदी आणि पर्ल नदी. जून २०१९ मध्ये एका संचात सिंहनृत्य, दुसऱ्यात कागदाचं कातरकाम, तिसऱ्यात कंदील. लहानपणापासून जो सिंह तुमच्या गल्लीत नाचला तो तीस मिनिटांत इंग्रजीत नाचवायचा. इथे गोंधळून जाऊ नका. अडेल तिथे चिनी शब्द रोमन अक्षरांत लिहा, मोठ्या विश्वासाने, पहिलं अक्षर कॅपिटल. एवढा आत्मविश्वास असेल तर तो शब्द उद्या इंग्रजी कोशात येईलही. मग संध्याकाळी मोबाइल उघडून इतरांनी सिंहाचं काय केलं ते वाचा. वर्षातून दोनदा देश इतका एकदिलाने हसतो, याचं श्रेय परीक्षेला द्यायला हवं.

बोलणं? ती काळजीच सोडा. तोंडी परीक्षा १९९९ पासून आहे, पण वेगळी आणि ऐच्छिक. लेखी चौथी, लेखी सहावी, दोन्ही तुम्ही तोंड न उघडता काढू शकता, आणि तेच सभ्यपणाचं आहे. बीजिंगच्या रनमिन विद्यापीठात शुक्रवारी संध्याकाळी इंग्रजी बोलणाऱ्यांचा कट्टा भरतो. तिकडून जावं लागलं तर हेडफोन लावून जा. तिथली माणसं चुका करत, हसत, अनोळखी लोकांशी सरळ इंग्रजीत बोलत सुटलेली असतात. अशा संगतीने ए, बी, सी, डीमधला फरक पुसट होतो.

वसतिगृहात एखादा मराठवाड्यातला नाहीतर खानदेशातला एमबीबीएसचा पोरगा असला तर त्याच्यापासूनही जपून. त्याला पुढे चिनी रुग्णांशी चिनीत बोलायचं असतं, म्हणून तो एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या मागे असतो, आणि गंमत म्हणजे त्यालाही चौथीच काढायची असते. तुम्ही दोघं रोज अर्धा तास एकमेकांशी बोललात तर दोघांचंही काम होऊन जाईल. म्हणूनच बोलू नका. दोघांनी समोरासमोर बसून आपापल्या अॅपवर हजेरी लावावी.

परीक्षेच्या आदल्या रात्री नशिबाच्या माशाचं चित्र सगळ्यांना पाठवा. लाल-सोनेरी कोई मासा. हा एकमेव प्राणी आहे ज्याने आजवर एकही शब्द पाठ न करता लाखो लोकांना पास केलं. आणि परीक्षेहून परतल्यावर सांगायचं की आपण 'नागडी परीक्षा' दिली, म्हणजे काहीही तयारी न करता गेलो. अख्खं वसतिगृह नागडं गेलेलं असतं. उन्हाळ्यात ठीक, डिसेंबरमध्ये उत्तरेकडच्या बर्फाळ हार्बिनला कसं जमतं कोण जाणे.

एवढं सगळं कशासाठी, असा प्रश्न पडत असेल तर तुमच्या वाचनात शीआन जिआओतोंग विद्यापीठाची बातमी आलेली दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पदवीसाठी इंग्रजी परीक्षेच्या निकालाची अट राहणार नाही. मनाला लावून घेऊ नका. मंत्रालयानेही २००५ मध्ये पदवी आणि चौथी यांची गाठ सोडवायचंच सुचवलं होतं, आणि अनेक विद्यापीठांनी ती आणखी घट्ट बांधली. विद्यापीठाने सोडलंच तर नोकरीची जाहिरात धरेल: 'सहावी पास हवा'. कचेरीतल्या फायली चिनी, साहेब चिनी, गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतलं, पण सहावी पास हवा. शांघायमध्ये बाहेरगावच्या पदवीधराला हुकोउ, म्हणजे तिथला रहिवासी होण्याचा हक्क देताना जे गुण मोजत आले आहेत त्यांतही चौथी-सहावी आहे. शांघायच्या बाजारात भाजी घ्यायला इंग्रजी लागत नाही. शांघायमध्ये राहायला लागतं.

समजा निकाल लागला आणि तुम्हाला ४३१ मिळाले. अर्जात ठळक अक्षरांत लिहा: 'इंग्रजी: वाचन, लेखन, संभाषण उत्तम'. मुलाखतीला जा. टेबलापलीकडचा माणूस टाय सैल करेल, घसा साफ करेल आणि म्हणेल की चला, आता जरा इंग्रजीत बोलू. इथे बरेच जण उगाच घामाघूम होतात. शांत राहा, हसून मान डोलवा आणि वाट बघा. तोही याच परीक्षेतून आलेला आहे. दुसऱ्या वाक्याला तोच चिनीवर येतो.